आधी उंट बांधा, मग कयाक सोडा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर दोन दिवस गेलो होतो. सकाळचे साडेसात वाजले होते. समुद्र परातीत भरून ठेवलेल्या पाण्यासारखा शांत होता. वाळूवर प्लास्टिकच्या लाल-पिवळ्या कयाक ओळीनं मांडल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती मागेच लागली, "अम्मी, चल ना, एकदाच." मी पैसे दिले. तिथल्या मुलानं आमच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवली. माझ्या जॅकेटचा एक पट्टा तुटलेला होता, तो त्यानं सुतळीनं बांधून दिला. पोहता येतं का, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला पोहता येत नव्हतं.

जाताना फार मजा आली. पाठीवर गार वारा लागत होता. वल्हं दोनदा मारलं की कयाक चार हात पुढे जायची. न मारताही जायची. मला वाटलं, आपल्याला जमतंय की! मुलगी पुढे बसून हसत होती, मोबाईल आणला असता तर फोटो काढता आला असता म्हणत होती. मग मी मागे वळून पाहिलं. किनाऱ्यावरची चहाची टपरी काडेपेटीएवढी दिसत होती.

आम्ही वळायला लागलो आणि वळता येईना. नाक जरा किनाऱ्याकडे झालं की वारा ते पुन्हा ढकलून द्यायचा. कसंबसं वळलो, तर पुढे सरकेना. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघी जीव तोडून वल्हं मारत होतो आणि टपरी लहानच होत होती. शांत वाटलेल्या पाण्यावर आता लाटा होत्या, आणि मुलगी हसायची थांबली होती. ती मला काही विचारत नव्हती, आणि तेच मला जास्त भयंकर वाटत होतं.

जाळी ओढून परतणाऱ्या एका लहान होडीनं आम्हाला पाहिलं. होडीतल्या म्हाताऱ्या काकांनी दोर फेकला, कयाक मागे बांधली आणि आम्हाला आणून वाळूवर सोडलं. पैसे घेतले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "मतलई वारा हाय ताई. ह्यो वारा घेऊन जातो, आणून सोडीत नाय."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मतलई वारा हा शब्द मला माहीत होता. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे, हे आम्ही सगळ्यांनी भूगोलात पाठ केलेलं आहे. उर्दू शिकवणाऱ्या माझ्या कानाला तर त्यात गझलेचा मतला ऐकू येतो, मतला म्हणजे उगवण्याची जागा. पण तो शब्द माझ्या पाठीला लागलेला गार वारा आहे, तो सकाळी साडेसातलाही वाहत असतो आणि माझ्या लेकीला घेऊन जाऊ शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. वाचलं, विचारलं आणि शेवटी स्वतः शिकले. त्यातून माझं जे मत झालं ते आज लिहिते आहे. ते फक्त कयाकबद्दल नाही.

आधी त्या सकाळी काय झालं ते समजून घेऊ, कारण असा प्रसंग उद्या तुमच्यावरही येऊ शकतो. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र त्या मानानं उबदार राहतो. म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हिवाळ्यात तो सकाळी बराच वेळ टिकतो. किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं, कारण तिथे आपल्या पाठीशी झाडं, घरं, टेकडी असते, आणि वाऱ्याला लाट उठवायला अजून लांबी मिळालेली नसते. जसजसं आत जावं तसतसा वारा मोकळा होतो आणि लाट मोठी होते. म्हणजे नवख्याला समुद्र जितका शांत दिसतो, तितका तो त्याला बाहेर न्यायला तयार असतो. खवळलेला समुद्र निदान घाबरवून घरी तरी पाठवतो.

पुढच्या वर्षी मी आधी पोहायला शिकले. नगरपालिकेच्या तलावावर बायकांची सकाळची बॅच होती, त्यात बेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं. मग एका खाडीत तीन दिवसांचं समुद्री कयाकचं शिक्षण घेतलं.

भाड्यानं मिळणारी उघडी कयाक आणि समुद्री कयाक यांत फरक आहे. समुद्री कयाक लांब आणि अरुंद असते, साधारण पाच मीटरची. माणूस तिच्या आत बसतो, पाय पुढे पसरलेले. कमरेभोवती स्प्रे स्कर्ट नावाचं कापड घालून ते बैठकीच्या काठावर ताणून बसवतात, म्हणजे लाटेचं पाणी आत येत नाही. पुढे आणि मागे हवाबंद कप्पे असतात, त्यामुळे उलटली तरी ती बुडत नाही. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी वल्हं कसं धरायचं ते शिकवतील. सरांनी आधी उलटं व्हायला शिकवलं. कमरेएवढ्या पाण्यात कयाकसकट डोकं खाली करायचं, पाण्याखाली तीन आकडे मोजायचे, कयाकच्या तळावर हातानं थापा मारायच्या, मग समोरची पट्टी ओढून कापड सोडवायचं आणि चड्डीतून पाय काढावेत तसं कयाकमधून बाहेर सरकायचं. मी कलमा पढूनच उलटी झाले. नाकात खारं पाणी गेलं, आकडे मोजायचे राहिले, पण बाहेर आले. पाचव्या वेळी आकडे मोजले. सर म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही कयाकमध्ये बसू शकता. आधी बाहेर पडता आलं पाहिजे."

नंतरचे दोन दिवस असेच गेले. उलटलेल्या माणसानं कयाक सोडायची नाही, कारण लाटांमध्ये एकटं डोकं कुणालाच दिसत नाही, कयाक दिसते. जोडीदारानं येऊन त्या कयाकचं नाक आपल्या कयाकवर आडवं ओढून पाणी सांडायचं, ती सुलटी करून घट्ट धरायची, आणि पाण्यातल्या माणसानं मागच्या बाजूनं पालथं चढून आत सरकायचं. वल्हं हातानं मारायचं नाही, कमर वळवून मारायचं, नाहीतर दहा मिनिटांत खांदे जातात. माझे त्या सकाळी गेले होते तसे. एकटं जायचं नाही. कुठे चाललो, किती जण, किती वाजता परत येणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगून जायचं, आणि ती वेळ टळली की त्यानं आमची वाट पाहत न बसता मदत बोलवायची.

कपड्यांचं मी धीर करून विचारलं. उत्तर अगदी साधं मिळालं. ओढणी, सैल कुर्ता, घेराचं काही नको, कारण ते अडकतं आणि ओलं झालं की ओढतं. बाकी अंगभर घट्ट कपडे, पूर्ण बाह्या, डोक्याला घट्ट बसणारी टोपी, हे तर हवंच. समुद्रावर तासन्तास बसणारा माणूस कुठल्याही धर्माचा असो, उन्हामुळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलाच असतो. आमच्याकडे मुलींना पाण्यापासून लांब ठेवायला जे कारण पुढे केलं जातं, ते तिथे दोन वाक्यांत संपलं.

कयाक आपल्याकडे हल्ली पर्यटनाची मौज म्हणून आली आहे. तिचा जन्म मौजेसाठी झालेला नाही. ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची ती शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा आणि त्यावर शिवलेलं सीलचं कातडं. ती शिकाऱ्याच्या अंगाच्या मापानं बनायची, आपण शिंप्याकडे कुर्ता शिवतो तशी. तिथल्या बर्फगार पाण्यात पोहून काही उपयोग नसतो, माणूस थोड्या वेळात गारठून संपतो. म्हणून त्यांनी उलटलेली कयाक आत बसल्या बसल्या, वल्ह्याच्या आणि कमरेच्या हिसक्यानं पुन्हा सुलटी करण्याची विद्या तयार केली. आज जगभर तिला रोल म्हणतात आणि लोक हौसेनं शिकतात.

ही विद्या बाहेरून जाऊन शिकलेल्या पहिल्या काही लोकांत गिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज होता. १९३०-३१ च्या मोहिमेत तो ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून कयाक शिकला आणि रोलमध्ये तरबेज झाला. ऑगस्ट १९३२ मध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला. त्याची कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. वय होतं पंचवीस.

त्याच १९३२ साली जर्मनीतला ऑस्कर स्पेक नावाचा एक बेकार तरुण घडीची कयाक घेऊन उल्म गावाजवळ डॅन्यूब नदीत उतरला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल अशी त्याला आशा होती. पुढे तो थांबलाच नाही. भूमध्य समुद्र, युफ्रेटिस नदी, इराणचं आखात, मग आपला पश्चिम किनारा उतरून १९३५ मध्ये तो सिलोनला पोहोचला, आणि तिथून बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, इंडोनेशियाची बेटं करत सप्टेंबर १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या एका बेटावर. तिथे पोलिसांनी त्याला युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली. सात वर्षं, सुमारे ५०,००० किलोमीटर. आणि या माणसाला पोहता येत नव्हतं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, "बघा मॅम, पोहता आलं नाही तरी चालतं." मला त्याचा राग आला नाही. आपण मोठी माणसंही असंच करतो. वाचलेल्याची गोष्ट सांगतो, न वाचलेल्याची सांगत नाही. स्पेकच्या सात वर्षांत मलेरिया होता, चोरी होती, मारहाण होती, पैसे संपून काठावर थांबून काढलेले महिने होते. रोलमध्ये पारंगत असलेला वॉटकिन्स गेला आणि पोहता न येणारा स्पेक राहिला, यातून "कौशल्याचा काय उपयोग" असा निष्कर्ष काढणारा माणूस माझ्या मते समुद्राजवळ जायच्या लायकीचा नाही. वॉटकिन्स एकटा होता, बर्फगार पाण्यात होता, आणि त्याला उचलायला दुसरी कयाक नव्हती, हे त्यातलं शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांचं घ्या. २०१५-१६ च्या हिवाळ्यात त्यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर किनारा कयाकनं पार केला. पण त्या मोहिमेत काठाकाठानं शांजली शाही सायकलवर होत्या. पाण्यात एक माणूस असला तरी काठावर त्याची वाट पाहणारं, त्याची वेळ मोजणारं कुणीतरी होतं. बातमीत कयाक मोठी छापली जाते, सायकल छोटी. मला सायकल तेवढीच महत्त्वाची वाटते.

आता ज्या दोन घटनांमुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येते.

पहिली इंग्लंडची. २२ मार्च १९९३. प्लिमथच्या एका शाळेतले आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक असे अकरा जण लाइम बे नावाच्या उपसागरात कयाक घेऊन निघाले. एका गावाहून शेजारच्या गावापर्यंत, काठाकाठानं. दुपारच्या जेवणापर्यंत परत यायचं होतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. शिक्षकांची कयाक सुरुवातीलाच पुन्हा पुन्हा उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, दुसऱ्यानं मुलांच्या कयाक एकत्र धरून ठेवल्या. वारा सगळ्यांना बाहेर घेऊन गेला. एकेक कयाक भरली, उलटली. मदतीला बोलावणं उशिरा गेलं. मुलं कित्येक तास थंड पाण्यात होती. चार मुलं गेली.

हे वाचताना मला माझी टपरी दिसत होती, लहान होत जाणारी. वारा तोच होता, फक्त त्यांच्या वाटेवर जाळी ओढून परतणारी होडी नव्हती.

त्या केंद्राची नोकरी सोडलेल्या प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी मालकाला लेखी इशारा दिला होता की इथली सुरक्षितता पुरेशी नाही. तो इशारा न्यायालयात पुढे आला. केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला, कंपनीही सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरली. गेलेल्या मुलांचे आईबाप गप्प बसले नाहीत. १९९५ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला की अठरा वर्षांखालच्या मुलांना अशा साहसाला नेणाऱ्या केंद्राची तपासणी होईल आणि त्याला परवाना घ्यावा लागेल.

दुसरी घटना आपली. १ फेब्रुवारी २०१६. पुण्याहून सहलीला आलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ती मुलं कयाक चालवत नव्हती, काही साहसही करत नव्हती, फक्त पाण्यात उतरली होती. त्यांत मुली जास्त होत्या. आणि बहुतेक आपल्या घरांतली मुलं होती.

त्या आठवड्यात मी दोन घरी ताजियतीला बसले होते, ती घरं थेट त्या मुलांची नव्हती, पण नात्यागोत्यातली होती. दोन्हीकडे तेच ऐकलं. वेळ आली होती, कुणाच्या हातात काय आहे. बुडून गेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे. हदीसमध्ये तसं आलेलं आहे, आणि ज्या आईचं लेकरू गेलं तिला तेवढाच आधार असतो. तो आधार तिच्याकडून काढून घेणारी मी कोण?

पण आईला दिलेला दिलासा आणि सहल नेणाऱ्याला दिलेली सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. आईसाठी ती अल्लाहची मर्जी आहे. शिक्षक म्हणून माझ्यासाठी ते प्रश्न आहेत. भरतीची वेळ कुणी पाहिली होती? किती मुलांमागे पोहता येणारे किती मोठे होते? दोर होता का? गावातल्या माणसाला विचारलं होतं का? हे प्रश्न विचारणं म्हणजे तकदीर नाकारणं नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं होतं, हे आपण बयानात लहानपणापासून ऐकतो. तवक्कुल दोर बांधल्यावर सुरू होतं. कयाकच्या तीन दिवसांत मी जे शिकले ते सगळं उंट बांधणंच होतं.

काही जण म्हणतील, मग जायचंच कशाला? मुलांना, आणि मुलींना तर मुळीच, पाण्याजवळ नेऊ नये. माझ्या शाळेतही सहल म्हटली की समुद्र नको असं ठरतं, आणि मुरुडनंतर ते साहजिक होतं. पण असं केल्यानं समुद्र लांब जात नाही. आपल्या राज्याला सातशे किलोमीटरच्या वर किनारा आहे. शाळेनं नाही नेलं तर मुलं मित्रांबरोबर जातात, कॉलेजात गेल्यावर जातात, लग्नानंतर जातात. फक्त तेव्हा त्यांच्याबरोबर माहिती असणारं कुणी नसतं. मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर गेले आणि लेकीला घेऊन गेले. बंदी घालून आपण धोका पुढे ढकलतो, कमी करत नाही.

शिवाय समुद्र आपल्याला परका कधी झाला? मराठीतले समुद्राचे शब्द पाहा. दर्या, बंदर, लंगर फारसीतून आले. तुफान, खलाशी, मोसमी अरबीतून आले. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, होडीचा मालक. जंजिरा म्हणजे जजीरा, बेट. हे शब्द जहाजांवरून उतरले आणि इथल्या वाळूत रुजले. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा बोटीवर होते. माझे आजोबाही होते. आयुष्याची तीस वर्षं पाण्यावर काढली, पण मुलींना पाण्यात पाय बुडवू दिला नाही. माझ्या अम्मीला समुद्र खिडकीतून माहीत होता. मला पुस्तकातून. मुलीला मी तो तुटक्या पट्ट्याच्या जॅकेटमधून दाखवला. चार पिढ्यांत शब्द राहिले आणि विद्या गेली.

ती परत आणायला फार मोठं काही लागत नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पाण्यावरचे उपक्रमही येतात, नोंदणी आणि सुरक्षितता येते. त्याची आठवण किनाऱ्यावर पैसे देताना आपण करून द्यायला हवी. नोंदणी आहे का, पोहता येतं का हे तुम्ही आम्हाला विचारणार आहात का, जॅकेटचे सगळे पट्टे शाबूत आहेत का, बरोबर माहितीचा माणूस येणार आहे का, आज वारा कुठून आहे. पाचांपैकी एकाचंही उत्तर नीट आलं नाही तर पैसे खिशात ठेवून चहा प्यावा. मुलं रुसतील. रुसलेली मुलं घरी तरी येतात.

आणि शाळेत? मी आता मतलई वारा शिकवताना मुलांना मैदानात नेते, ओला रुमाल हातात धरायला लावते आणि वारा कुठून येतो ते सांगायला लावते. भरती शिकवताना चांदची तारीख विचारते. उर्दू शाळेच्या प्रत्येक भिंतीवर हिजरी कॅलेंडर असतं, पण त्यात समुद्राचं घड्याळ दडलेलं आहे हे कुणी सांगत नाही. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणनं गुणतात आणि भरतीची वेळ काढतात. चांदची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते, म्हणून तिच्यात एक मिळवायचा. चांदची चार असेल तर पंचमी धरा. पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पाणी पूर्ण चढलेलं असेल, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष जायचं तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच पाहायचं. पण ज्या मुलाला हा हिशोब येतो तो कोष्टक उघडतो, ज्याला येत नाही तो उघडतच नाही.

चौदावीचा चाँद आपल्या शायरीत फार सुंदर आहे. समुद्रात त्याच दिवसांत उधाण असतं, पाणी सगळ्यांत वर चढतं आणि सगळ्यांत खाली उतरतं. आणि सहा तासांत ते सारख्या गतीनं उतरत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. त्या वेळी खाडीच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडल्यावर नदीत उभं राहणं. आठवीच्या मुलांना हा अपूर्णांकांचा हिशोब दहा मिनिटांत कळतो. मी स्वतः पाहिलं आहे.

माझ्या शिक्षणाचा तिसरा दिवस सांगून संपवते. त्या दिवशी आम्ही खाडी सोडून खुल्या समुद्रात जाणार होतो. त्यासाठीच तर आले होते. कयाक पाण्याजवळ नेल्या, कापडं चढवली, काठावरच्या माणसाला वेळ सांगितली. सर दहा मिनिटं नुसते समुद्राकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "आज नाही." आमच्यातल्या एकानं कुरकुर केली, लांबून आलोय म्हणाला. सरांनी वाद घातला नाही, कयाक उचलून मागे ठेवायला लागले. आम्ही टपरीवर चहा घेतला, भजी खाल्ली आणि दुपारी खाडीतच पुन्हा उलटंसुलटं होत राहिलो.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "अम्मी, समुद्रात गेलीस?" मी म्हटलं, नाही गेले. मग तिला दुसरं काही विचारण्याआधी खिडकीपाशी नेलं आणि रुमाल भिजवून तिच्या हातात दिला.